हवेच्या यंत्राची खोळ

खोळकाकांच्या घरातली कुठलीही वस्तू तिच्या मूळ रंगात कुणी पाहिलेली नव्हती. टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकवर रबर. सोफ्यावर चादर, चादर मळू नये म्हणून तिच्यावर दुसरी चादर, आणि पाहुणे येणार असले की ती दुसरी चादर उचलून कपाटात, कारण पाहुण्यांनी ती मळवली असती. छत्रीलाही खोळ होती. पाऊस आला की काका आधी खोळ सोडवत, तिची घडी करून खिशात घालत आणि मग छत्री उघडत. तोवर ते चिंब झालेले असत, पण छत्री पंधरा वर्षांनीही कोरी करकरीत दिसे. लग्नात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ पिशवीत घालूनच टांगलेलं होतं. पिशवी इतकी जुनी आणि धुरकट झाली होती की किती वाजले असं विचारलं तर काका खुर्चीवर चढून, पिशवी काचेवर ताणून, डोळा लावून सांगत. आणि तेही "साधारण" असं म्हणून. गावानं त्यांना खोळकाका म्हणायला सुरुवात केली, त्यात गावाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

पोटापाण्यासाठी काका शाळेत शिपाई होते, एकतीस वर्षं. घंटा, किल्ल्यांचा जुडगा, पाण्याची टाकी आणि गच्ची ही त्यांची चार खाती. मुख्याध्यापिकांना ते मोठ्या बाई म्हणत आणि घाबरतही, पण गच्चीची किल्ली मात्र मोठ्या बाईंनाही त्यांच्याकडे मागावी लागे, आणि काका ती "काय काम काढलंत?" असं विचारूनच देत.

सगळ्या खोळी शिवल्या होत्या काकूंनी. त्यांचं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. अर्ध्या गावाचे कोट त्यांच्या हाताखालून गेले होते आणि उरलेल्या अर्ध्या गावाच्या कोटांना त्यांनी नावं ठेवली होती. "मलाही एक खोळ शिवून टाकते," त्या म्हणत, "म्हणजे मीसुद्धा त्या घड्याळासारखी नवी राहीन." काका यावर हसत नसत. माप कसं घ्यावं लागेल, याचा विचार करत असावेत असा चेहरा करून बसत.

गाव डोंगरांच्या मधल्या खोलगट वाटीत वसलेलं. हिवाळ्यात संध्याकाळी घरोघरी ऊब धरायला शेगड्या पेटत, कुणाकडे लाकूड, कुणाकडे कोळसा. खालच्या अंगाला विटांच्या भट्ट्या दिवसरात्र जळत. गार हवा तळाशी बसून राही, वरून झाकण घातल्यासारखं होई आणि सगळा धूर वाटीतच मुरे. सकाळी दहा-अकराला ऊन तळाशी पोचलं की हळूहळू झाकण निघे. दुपारी दोनला आभाळ असं निळंभोर होई, की पाहुण्यांनी फोटो काढतच सुटावं. पाहुणे दुपारच्या गाडीनं येत आणि उजेड असतानाच परत जात. त्यामुळे शुद्ध हवेचं ठिकाण म्हणून गावाचा लौकिक होता, आणि पाहुण्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तो गावालाही पटला होता. संध्याकाळचा धूर म्हणजे धुकं, सकाळचा खोकला म्हणजे थंडी, असं सगळं नीट लावून टाकलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र आलं. धान्याच्या डब्याएवढी पांढरी पेटी, डोक्यावर नळी, नळीवर छत्रीसारखी टोपी. टोपीखालून हवा आत ओढायची, तिच्यातली घाण मोजायची आणि रोज सकाळी दहाला मागच्या चोवीस तासांचा आकडा पेटीवरच्या काचेत दाखवायचा. तोच आकडा आपोआप दूरच्या मुख्य कचेरीतही पोचायचा. यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ जाताना काकांना म्हणाला, "नाजूक आहे हां. जपा."

आता 'जपा' हा शब्द जगात कुणालाही सांगावा, खोळकाकांना सांगू नये.

त्याच संध्याकाळी काकांनी टोपीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. एवढं भारी यंत्र, आणि असं उघड्यावर! काकूंनी दोन दिवसांत जुन्या रजईची दुहेरी, कापूस भरलेली खोळ शिवून दिली, खाली आवळायला नाडी. मग रोजचा नेमच झाला. संध्याकाळी पाचला धूर दाटायला लागला की काका गच्चीवर जाऊन यंत्राला खोळ चढवत, नाडीची गाठ मारत आणि सकाळी पावणेदहाला सोडत. तंत्रज्ञ दर तीन महिन्यांनी येई, दुपारीच, आणि येण्याआधी फोन करून. "काका, मी गावोगाव फिरतो," तो म्हणे, "पण इतकं स्वच्छ यंत्र कुठंच नाही." त्या दिवशी काका दोन घास जास्त जेवत.

आकडा चौकातल्या काळ्या फळ्यावर लिहायचं कामही काकांकडेच होतं. कोणत्या आकड्याला कोणता शब्द, याचा तक्ता कचेरीनं दिला होता: उत्तम, बरी, वाईट, फार वाईट, घातक. तक्त्यावर अर्थातच प्लॅस्टिक. आकडा तिशी-चाळिशीतच घुटमळे, त्यामुळे खालचे चार शब्द लिहायची वेळ कधी आलीच नाही. दुसऱ्या वर्षी काकांनी 'आजची हवा : उत्तम' ही ओळ ऑइलपेंटनं रंगवूनच घेतली. रोज खडू कशाला झिजवा?

त्या फळ्याखाली सकाळी साडेसहाला पोस्टमास्तरांचं मंडळ जमे. पोस्टमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण आवाज अजून नोकरीत होता. दहा-अकरा म्हातारे ओळीनं उभे राहत, समोरचा दिवा दिसत नसे अशा त्या धुक्यात, आणि पोस्टमास्तर ओरडत, "घ्या! छाती भरून घ्या! उत्तम आहे, फुकट आहे, घ्या!" मग सगळे मिळून दहा मिनिटं खोकत. "मळ सुटतोय," पोस्टमास्तर समाधानानं म्हणत.

सकाळी सातला घरी काकाही खिडकी उघडत. काकूंच्या मशीनजवळची. काकूंना दोन हिवाळे खोकला होता आणि तिसऱ्यात धाप लागायला लागली होती. "अगं, बंद खोलीत कापसाचे तंतू नाकात जातात. बाहेर एवढी उत्तम हवा आहे, घे जरा," असं म्हणून ते खिडकीची दोन्ही दारं सताड उघडून, खिळ्याला दोरी अडकवून, शाळेत जात.

औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत छातीचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण काकांना रागावत. "काका, काकूंचा धुराशी संबंध तोडा."

"धूर? आमच्याकडे धूर कुठला? फळा वाचला नाहीत का? कापूस असणार, कापूस. शिवणकाम आहे ना."

डॉक्टरबाई औषध लिहून देत. यंत्राचा आकडा त्यांच्याही डोळ्यांसमोर होता आणि बाकावर बसलेली माणसंही. दोन्हींचा मेळ त्यांना लागत नव्हता. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काकूंचे ओठ निळसर पडले, तेव्हा काकांनी आणि शेजाऱ्यानं त्यांना खुर्चीसकट उचलून सात मिनिटांत दवाखान्यात पोचवलं होतं. वाफ दिली, प्राणवायू लावला, तासाभरानं काकू पहिलं वाक्य बोलल्या. "खुर्चीवरची खोळ रस्त्यात पडली वाटतं." तेव्हा काकांना रडू आलं होतं. खोळीसाठी नव्हे.

आणि यंदा, थंडी पडायला लागली त्याच सुमारास, मुख्य कचेरीतून पत्र आलं. सलग तीन वर्षं हवा उत्तम राखल्याबद्दल गावाला मानाची ढाल. साहेब पुढच्या शनिवारी दुपारी स्वतः येऊन ती देणार. पत्राच्या मागच्या पानावर असंही होतं, की इतक्या शुद्ध हवेच्या ठिकाणी छातीच्या दवाखान्याची गरज दिसत नाही, तेव्हा तो पुढच्या महिन्यापासून पलीकडच्या खोऱ्यात हलवावा. तोही हुकूम साहेब शनिवारीच सही करून देतील. पलीकडचं खोरं म्हणजे घाट चढून-उतरून चार तास. गावानं पुढचं पान वाचलं आणि चौक झाडायला घेतला.

काकूंनी दोन्ही पानं वाचली. "म्हणजे ढाल येणार आणि दवाखाना जाणार," त्या म्हणाल्या. "आता धाप लागली की ढाल छातीशी धरून बसते."

"असं काय बोलतेस? साहेबांना सांगू आपण..."

"काय सांगाल? हवा उत्तम आहे, पण बायको खोटं खोकते?"

काकांनी पत्राला प्लॅस्टिक घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी यंत्राची खोळ धुवायची असे, आणि कोरडी होईपर्यंत यंत्रावर जुना टॉवेल. अंगणात काका पांढऱ्या टबात खोळ बुडवून बसले होते, काकू दारात स्टुलावर बसून "चोळा, चोळा, नुसतं गोंजारू नका" असं सांगत होत्या, तेवढ्यात डॉक्टरबाई बाह्या कमी करायला दिलेला कोट न्यायला आल्या. आल्या आणि टबापाशीच थांबल्या. टबातलं पाणी शाईसारखं काळं होतं.

"हे काय धुताय, काका?"

काकांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "यंत्राची खोळ! दर आठवड्याला एवढा मळ निघतो, बघा. हिवाळ्यात तर तीन पाण्यांतून काढावी लागते. हा सगळा त्या यंत्रात गेला असता हो! तीन वर्षांत कणभर आत जाऊ दिला नाही."

डॉक्टरबाई टबाकडे बघत राहिल्या. मग उकिडव्या बसल्या. पाण्यात बोट घातलं, बाहेर काढलं.

"कधी घालता ही?"

"संध्याकाळी पाच ते सकाळी पावणेदहा. तेव्हाच तर घाण असते!"

"काका," त्या इतक्या हळू म्हणाल्या की काकूंना पुढे वाकावं लागलं, "हा मळ मोजायलाच यंत्र बसवलंय."

काका हसले. मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मागचं सगळं निघून गेलं. हातातली खोळ पाण्यात पडली. दारातून काकूंच्या श्वासाची शीळ ऐकू येत होती.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. गच्चीवर जाऊन टॉवेल काढून आले आणि ओल्या सोफ्यावर बसावं तसे चादरीच्या कडेला टेकून बसले. ढालीचं त्यांना काही वाटत नव्हतं. मोठ्या बाई काय म्हणतील याचंही नाही. त्यांना दिसत होती ती खिडकी. रोज सकाळी सात. दोन्ही दारं सताड. आणि वर दोरी, वाऱ्यानं बंद होऊ नये म्हणून.

सोमवारी दहाला त्यांनी पेटीच्या काचेत पाहिलं. आकडा तीनशे बारा. चष्मा पुसून पाहिलं, तरी तीनशे बारा. मग रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन ते चौकात गेले आणि 'उत्तम' घासायला लागले. रंग चांगल्या प्रतीचा होता, तो निघेना. बघता बघता माणसं जमली.

"अरे खोळ्या, काय करतोस हे? शनिवारी साहेब यायचेत!" पोस्टमास्तर.

"हवा घातक आहे," काका मान वर न करता म्हणाले. "तीनशे बारा."

"कालपर्यंत चाळीस होती. एका रात्रीत घातक?"

"कालपर्यंत खोळ होती. मी यंत्राचं नाकच बांधलं होतं."

सगळ्यांनी ऐकून घेतलं. पेपरवाला, भट्टीवाल्याचा मुनीम, मंडळातले म्हातारे. आणि मग पोस्टमास्तरांनी सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. "मग बरोबर आहे. यंत्र उघड्यावर राहिलं म्हणून बिघडलं. घाल बाबा ती खोळ परत."

कचेरीत फोन केला तर साहेबांचंही तेच म्हणणं. चाळीसवरून एकदम तीनशे म्हणजे यंत्रात दोष. शनिवारी तंत्रज्ञाला सोबत आणतो, तोवर आकडा धरू नये. काकांनी खोळीचं सांगायला सुरुवात केली, पण 'खोळ' म्हणजे काय हेच साहेबांना कळेना, आणि मध्येच फोन कटला. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "काका, ही अक्कल पाच दिवस उशिरा सुचली असती तर?"

गुरुवारी संध्याकाळपर्यंत काकांनी चार वेळा खरं सांगून पाहिलं होतं आणि चारही वेळा माणसांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं" म्हटलं होतं. आयुष्यात ज्यांना खोटं बोलायची कधी गरज पडली नाही, त्यांच्यावर खरं पटवून द्यायची वेळ यावी, याचा काकांना भयंकर राग आला. तो कुणावर काढावा हे न कळून ते शेगडीवर चिडले आणि त्यांनी ती विझवून टाकली.

"थंडीनं मारता का आता?" काकू शालीतून म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती खोळ कुठाय?"

"गच्चीवर."

"यंत्रावर?"

"नाही गं. शेजारी मोडकी खुर्ची आहे ना, तिच्यावर."

"मोडक्या खुर्चीवर? का?"

काका जरा घुटमळले. "उघड्यावर होती म्हणून."

काकूंना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून धाप लागली. काकांनी वाफेचं औषध पुढे केलं, पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर त्या त्यांचा हात धरून, एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "तिथंच राहू दे. धुऊ नका. तुमच्या आकड्याला लोक खोटं म्हणतात. मळक्या पाण्याला कोण म्हणतंय बघू."

शनिवारी दुपारी आभाळ नेहमीसारखं निळंभोर होतं. चौकात टेबल, टेबलावर स्वच्छ कापड, त्यावर पितळेची ढाल. साहेब गाडीतून उतरले, लांब श्वास घेऊन "वा!" म्हणाले. मोठ्या बाईंनी स्वागत केलं. टाळ्या होत होत्या तेवढ्यात एका हातात पांढरा टब, दुसऱ्या हातात बादली आणि खांद्यावर खोळ अशा थाटात खोळकाका आले, आणि टब त्यांनी सरळ ढालीशेजारी ठेवला.

"काका!" मोठ्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"दोन मिनिटं, बाई." काकांच्या हातांना हे काम पाठ होतं. त्यांनी टबात स्वच्छ पाणी ओतलं. तळ दिसत होता. "साहेब, ही खोळ तीन वर्षं मी रोज यंत्रावर घातली. संध्याकाळी घालायची, सकाळी काढायची. यंत्र मळू नये म्हणून. मला वाटलं, मी यंत्र जपतोय. रविवारी धुतल्यापासून हे सहा दिवस ती यंत्रावर नव्हती, शेजारी खुर्चीवर होती. नुसती हवेत." एवढं बोलून त्यांनी खोळ बुडवली आणि चोळली.

पहिल्या पिळाला पाणी राखाडी झालं. दुसऱ्याला काळं. तिसऱ्याला टबाचा तळ दिसेनासा झाला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. तंत्रज्ञ पुढे आला, त्यानं खोळीची एक बाजू उलटी करून पाहिली, आतला पांढरा कापूस पाहिला आणि कपाळाला हात लावला. "तरीच इतकं स्वच्छ होतं," तो म्हणाला.

पोस्टमास्तर टबावर वाकले. "म्हणजे खोळ्या, सकाळी साडेसहाला आम्ही जे घेत होतो..."

"हेच."

"छाती भरून?"

"छाती भरून."

पोस्टमास्तर शेजारच्या खुर्चीवर बसले, ती साहेबांसाठी ठेवलेली होती. गर्दीत कुणीतरी खोकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी "थंडी" म्हणालं नाही. डॉक्टरबाईंनी काखेतली रुग्णांची वही काढून ढालीवर ठेवली. बोलल्या फक्त काकू, मागच्या ओळीतून, दोन श्वासांत. "साहेब, दवाखाना न्यायचा तर... हा टबही घेऊन जा."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी रुमालानं नाक पुसलं, रुमालाकडे पाहिलं, तो घडी करून खिशात ठेवला. तीन वर्षांचे आकडे बाद करावे लागतील म्हणाले. नवे आकडे येईपर्यंत दवाखाना जिथं आहे तिथं राहील म्हणाले. भट्ट्यांचं आणि शेगड्यांचं काय, असं डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा "बघू" म्हणाले. ढाल गाडीत परत गेली. काकांना पंधरा दिवसांनी कचेरीतून खुलासा मागवणारं कडक पत्र आलं. त्यांनी चार ओळींत सगळं कबूल केलं आणि त्या पत्रालाही प्लॅस्टिक घातलं.

फळ्यावर आता रोज खडू झिजतो. भट्ट्या चालूच आहेत, 'घातक' हा शब्द काकांना सुंदर वळणात लिहिता यायला लागला आहे. पोस्टमास्तरांचं मंडळ दुपारी दोनला जमतं. झोपमोड होते म्हणून दोघं सोडून गेले, बाकीचे येतात. आणि काकांच्या घरची खिडकी सकाळी बंद असते.

शाळेला थंडीची सुट्टी लागली त्या पहिल्या दिवशी काकांनी तो विषय काढला. दीड महिना मनात होता. "मी रोज सातला उघडत होतो ती. दोरी बांधून."

"माहीत आहे की," काकू काजं करता करता म्हणाल्या. "तुम्ही कोपऱ्यावरून वळलात की मी सोडत होते."

"मग मला सांगितलंस का नाही?"

"उत्तम म्हणताना तुमचा चेहरा असा व्हायचा..." त्यांनी दोरा दातानं तोडला. "आणि रोज नाही सोडायचे. खोटं कशाला सांगू? कधी कधी मलाही वाटायचं, असेल उत्तम."

ऊन समोरच्या कौलांवर उतरलं होतं. खिडकी उघडायची ती दोनला, आधी नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. काका खुर्चीवर चढले, घड्याळाची पिशवी काचेवर ताणली, डोळा लावला. पावणेदोन असावेत, किंवा सव्वादोन. त्यांनी पुन्हा डोळा लावला. "साधारण..." म्हणाले आणि थांबले. मग पिशवीची गाठ सोडायला लागले. तीस वर्षांची गाठ, ती सुटेना, तेव्हा त्यांनी काकूंची कात्री मागून घेतली.

दोनला पाच मिनिटं होती.

"अगंबाई," काकू मशीनवरून मान वर करून म्हणाल्या, "हिरवं आहे होय हे? मी आपली इतकी वर्षं समजत होते, काळं आहे."